वीसच बारशी

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या घरात सगळ्यांचं म्हणणं आहे. गणित शिकवणाऱ्या बाईला तो शोभून दिसतो असं माझं म्हणणं आहे. पण गेल्या मे महिन्यात मी जिच्यावर एवढी चिडले, ती ना नवऱ्याची सवय होती, ना दहावीचा वर्ग. ती होती आमच्या बैठकीच्या खोलीत, कूलरच्या वाऱ्याला ठेवलेली काळी पेटी. आमचा घरचा सर्व्हर.

सर्व्हर म्हटलं की लोक दचकतात. तसं त्यात काही नाही. जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा होता, तो मी दिला नाही. त्यात एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. मग त्या पेटीत साठवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ घरातल्या टीव्हीवर आणि ज्याच्या त्याच्या फोनवर लागायला लागले. चार वेळा बसवताना बिघडलं, पाचव्या वेळी शिस्तीत चाललं. तेव्हापासून मी त्याला कुणाला हात लावू देत नाही. उन्हाळ्यात पेटी तापते, म्हणून कूलरसमोर ठेवते. त्यावरून नवऱ्याचं रोजचं बोलणं ठरलेलं. "नवऱ्यापेक्षा जास्त वारा ह्या डबड्याला लागून राहिला," असं म्हणून तो आपली खुर्ची इंचभर पुढं सरकवतो.

त्या पेटीत खरा ऐवज होता तो अप्पांच्या कॅसेटींचा. अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. माल आणायला हैदराबादला गेले असताना त्यांनी एकदा टेपरेकॉर्डर आणला, आणि त्यानंतर आमच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत कुठलंही कार्य टेपाशिवाय झालं नाही. लातूर, उदगीर, निलंगा, किल्लारी, जिथं बोलावणं येई तिथं अप्पा टॉवेलात गुंडाळलेला टेप काखेत मारून हजर. माणसाचा फोटो काढला की तो गप्प बसतो, टेप केला की बोलत राहतो, असं त्यांचं मत होतं. अप्पा गेल्यावर कॅसेटींनी भरलेली पत्र्याची ट्रंक माझ्याकडं आली आणि दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी त्या कॅसेटी पेटीत उतरवण्यात घालवल्या. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. मला ते काम लई आवडलं. एकीकडं पेपर तपासत बसायचं आणि एकीकडं किल्लारीच्या जुन्या गावातल्या एखाद्या घरात भांड्यांचा आवाज ऐकायचा. ते घर भूकंपात गेलं. त्यातल्या बायकांचं हसणं मात्र माझ्या बैठकीत रोज दुपारी चालू.

कॅसेटींमध्ये सगळ्यात जास्त होती बारशी, आणि त्या सगळ्यांवर अप्पांच्या ठसठशीत अक्षरात एकच मजकूर होता: 'बाळाचं बारसं'. त्याला कारण होतं. अप्पांचं प्रत्येक काम आदल्या दिवशी तयार असायचं. बारशाच्या आदल्या संध्याकाळीच ते कोरी कॅसेट काढून तिच्यावर चिठ्ठी डकवत. तेव्हा बाळाला नाव नसायचंच. ठरलेलं असलं तरी, आत्या बाळाच्या कानात सांगेपर्यंत आमच्याकडं ते नाव कुणी उच्चारत नाही, मग लिहिणार कोण? आणि बारसं उरकल्यावर चिठ्ठी बदलायची आठवण कुणाला राहणार? अप्पांनी लिहिलेलं बदलायचं नाही असा माझा हट्ट होता, म्हणून पेटीत उतरवताना मीही प्रत्येक फाइलीला तेच नाव दिलं. बाळाचं बारसं, बाळाचं बारसं, बाळाचं बारसं. नवरा म्हणाला, "हे काय वर्गात सगळ्या पोरांचं एकच नाव ठेवल्यासारखं." मी ऐकलं नाही.

मग माझ्या लेकीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या नांदेडच्या घरी. बारसंही इथंच. तिच्या सासरची मंडळी रविवारी हिमायतनगरहून यायची होती. तयारी सगळी झाली, आणि मग लक्षात आलं की पाळणा म्हणणारं कुणी उरलंच नाही. आमच्या घरचा पाळणा लांबलचक, चाल वेगळी. तो म्हणणाऱ्या बायका एक एक करून गेल्या. माझ्या आईला, आम्ही तिला अव्वा म्हणतो, पहिली दोन कडवी येतात, पुढं ती नुसतं गुणगुणते. लेक म्हणाली मोबाइलवर लावू एखादा. मी म्हटलं, घरात पेटी भरून पाळणे असताना मोबाइलवर कशाला?

त्यासाठीच धाकटी चार दिवस आधी आली. धाकटी म्हणजे माझी सर्वांत लहान बहीण. लातूरच्या बसनं, अव्वाला खिडकीशी बसवून, अहमदपूरला उतरवून पाणी पाजून, शिस्तीत घेऊन आली. तिचं सगळंच असं असतं. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. मी नांदेडला, मधली हैदराबादला, आणि अप्पांचं दुखणं, अव्वाचं म्हातारपण, दोन्ही धाकटीनं काढलं. लग्न करून ती लातूरातच, अव्वाच्या गल्लीत राहिली. गळा आम्हा तिघींत तिचाच चांगला. पाळणा तीच शिकून म्हणणार होती.

धाकटीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिसरी मुलगी म्हणून तिचं बारसंच केलं नाही, असं आमच्याकडं बोललं जायचं. अप्पांची बहीण, आमची उदगीरची आत्या, चारचौघांत म्हणायची, "हिचं कुठं बारसं झालं? ही बिनबारशाची." लोक हसायचे. धाकटीही हसायची, हसण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. पण एकदा, माझ्या लेकीच्याच बारशात, ती मला म्हणाली होती, "अक्का, बारसं न्हाई केलं तर न्हाई, पण निदान सांगू तरी नये की." धाकटी जन्मली तेव्हा मी सहा वर्षांची. मला कुणाकुणाच्या बारशाच्या घुगऱ्या आठवतात, वरवंट्याला घातलेलं टोपडं आठवतं, पण कुठलं बारसं कुणाचं ते सांगता येत नाही. भरल्या घरात दर चार महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा पाळणा बांधलेला असायचा.

तर दुपारी जेवणं झाल्यावर धाकटी टीव्हीपुढं बसली. मी तिला शोधायची जागा दाखवली. तिनं 'बारसं' टाकलं आणि पडद्यावर सगळी बारशी रांगेनं उभी राहिली. पहिलं लावलं, तर अप्पा! "हॅलो, हॅलो. टेस्टिंग. आज मुक्काम उदगीर. बाळाचं बारसं." प्रत्येक कॅसेट अशीच सुरू व्हायची. बारसं हा बायकांचा कार्यक्रम, पुरुष बाहेर ओट्यावर. म्हणून अप्पा पाळण्याजवळ टेप ठेवायचे, एवढं बोलायचे आणि बाहेर निघून जायचे. मग जंगमांचा, म्हणजे आम्हा लिंगायतांच्या गुरूंचा मंत्र, बाळाच्या गळ्यात इष्टलिंग बांधताना बाळाचं रडणं, मग पाळणा, मग आत्यानं कानात नाव सांगतानाचा तो "कुर्रर्र" आणि आत्याच्या पाठीवर बायकांनी घातलेले धपाटे. शेवटी अप्पा परत येऊन बटण बंद करायचे, त्याचा खटका.

फार मजा आली त्या दुपारी. धाकटी आवाजावरून बायका ओळखत होती. अव्वाला ऐकायला कमी येतं, पण ती टीव्हीशेजारी खुर्ची घेऊन बसली आणि गेलेल्या जावांचे आवाज ऐकून तोंडाला पदर लावून हसली, मग तिथंच डुलक्या घेऊ लागली. मधलीचं बारसं निघालं. चुलतभावाचं निघालं. पाळणा पूर्ण मिळाला, तोही दोन चालींत. तो धाकटीनं कधीच पाठ केला होता, तरी ती एकामागून एक लावतच राहिली. ती काय शोधते आहे ते मला उशिरा कळलं.

रांग संपली. धाकटीनं रिमोट उजवीकडं दाबला, पुन्हा दाबला. पुढं काही नव्हतं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं वाटतं."

"माझं न्हाई त्यात."

मी म्हटलं, माझंही नाही. ती म्हणाली, "तुझ्या येळंला टेपच नव्हता. मधलीच्या येळंला हुता. माझ्या येळंलाबी हुता." तर्क बिनचूक होता. मी म्हटलं, थांब, अव्वाला उठवते, तिला विचारू. तर तिनं माझा हात धरला. "अव्वाला इचारू नको. ती हाव म्हणल, मला बरं वाटावं म्हणून. आन मला ते खरं वाटणार न्हाई." मग उठून म्हणाली, "जाऊ दे, पाळणा घावला ना? चहा टाकते," आणि हसली.

दोन दिवस ती नेहमीसारखीच होती. दुपटी धुतली, बाळाला न्हाऊ घातलं, अव्वाच्या गोळ्या वेळेवर दिल्या. मीच चिडचिडत होते. अप्पांवर राग येत होता, आणि मेलेल्या माणसावर रागावून उपयोग नसतो म्हणून तो नवऱ्यावर निघत होता. जो माणूस निलंग्याच्या लांबच्या भाचीच्या बारशाला टेप घेऊन जातो, तो स्वतःच्या पोरीच्या वेळी टेप कपाटात ठेवतो?

शुक्रवारी मला रविवारी सकाळी लावायला भजनं हवी होती. मी फोनवर 'भजन' शोधलं. रांग आली. बघता बघता वाटलं, एवढीच? अप्पांनी मठातल्या किती सोमवारांची भजनं टेप केलेली आहेत! मी मोजली. वीस. बरं, म्हणून 'लग्न' टाकलं. वीस. 'हळद' टाकलं. वीस. परवाची बारशी मोजली. वीस.

गणिताच्या बाईला एवढं पुरे. आमच्या कुळात बारशी, लग्नं, हळदी आणि सोमवार सगळे बरोब्बर वीस वीस होतील हे देवालाही जमायचं नाही. मी पदर खोचून त्या सॉफ्टवेअरच्या लोकांच्या गप्पांच्या पानावर गेले. तिथं माझ्यासारखे किती तरी भांडत होते. एकाचं दुखणं आपल्या पाच हजार गाण्यांतली ठरावीकच दिसतात हे, दुसऱ्याला आपल्या मुलांचे व्हिडिओ सापडेनात. आणि बनवणाऱ्यांचं थंडगार उत्तर: हा दोष नाही, मुद्दाम तसं ठेवलं आहे, शोध झटपट व्हावा म्हणून प्रत्येक प्रकारातले पहिले काही निकाल दाखवतो, कृपया शोध अधिक नेमका करा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दाखवायचे नसतील तर नका दाखवू. पण खाली एक ओळ लिहायला काय झालं होतं, की बाबांनो, अजून आहेत, मागं रांग आहे? संपलं नसताना संपल्यासारखं गप्प बसायचं, आणि एक बाई त्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावते ते ह्यांना कसं कळणार? आणि नेमका शोध कसा करू? सगळ्यांचं नाव 'बाळाचं बारसं'!

"काय झालं? कुणाशी भांडून राहिलीस?" नवऱ्यानं विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मग शोधू नकोस, नुसती बघत जा की." तसा शहाणपणा त्याला वर्षातून एकदा सुचतो. शोधायची खिडकी सोडून मी पेटीतल्या कॅसेटींच्या खणात, म्हणजे फोल्डरात शिरले, जिथं सगळं उतरवलेल्या क्रमानं पडलेलं असतं, आणि बोटानं वर सरकवत गेले. बारशामागून बारसं, कितीतरी. उतरवताना मी पेपर तपासत असायची, सगळ्या कॅसेटी काही कान देऊन ऐकल्या नव्हत्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून धाकटीला हाक मारली. "अजून आहेत," एवढंच म्हणाले. तिनं पिठाचे हात तसेच धरले आणि येऊन जमिनीवर बसली.

उरलेली आम्ही दोघींनी मिळून ऐकली. आता मजा नव्हती, अप्पांचा "हॅलो" झाला की आम्ही सरळ शेवटाकडं जायचो, नाव ऐकायचो, पुढचं लावायचो. अव्वाही येऊन बसली. असं करता करता एक फाइल लागली आणि तिच्यात अप्पांचा "हॅलो" नव्हताच. नुसती खरखर. मग एक लहान पोरीचा आवाज, माईक जवळजवळ तोंडात घातलेला:

"हॅलो हॅलो. आज मुक्काम आपलं घर. बाळाचं बारसं. अप्पा आत हायेत म्हणून मी बोलूलाले. कुणी मधी बोलू नका."

नवरा पलीकडून ओरडला, "ही तर तूच! तेव्हापासून हुकूम चालू हाय!" मला काही, काहीच आठवत नव्हतं.

जंगमांचा मंत्र झाला. बाळ रडलं. मग बायकांची कुजबुज, कुणीतरी म्हणालं, आत्या न्हाई तर नाव सांगणार कोण, पुढं ढकला की. आणि मग अप्पा, पाळण्याजवळून, अगदी स्पष्ट: "आत्या न्हाई आली तर न्हाई. बाप हाय की." मग "कुर्रर्र", तेही पुरुषी, जाड आवाजात, आणि त्यावर बायकांचं असं हसणं उसळलं की टेप फाटल्यासारखा वाजला. धपाटे ऐकू आले. अप्पांच्या पाठीवर! "अगं हळू, हळू मारा," अप्पा म्हणत होते आणि स्वतःही हसत होते. मग पुन्हा माझाच आवाज, माईकला तोंड लावून, साऱ्या जगाला ओरडून सांगितलेलं धाकटीचं नाव.

ह्या कॅसेटीला शेवटचा खटका नव्हता. बटण बंद करणारा माणूस पाळण्याशी होता. टेप तसाच चालत राहिला. घुगऱ्या वाटल्या, बायका गेल्या, भांडी वाजली, आणि मागं कुठंतरी पाळण्याची दोरी करकरत होती आणि अप्पा, ज्यांना मी जन्मात कधी गाताना ऐकलं नाही, तो आमच्या घरचा लांबलचक पाळणा बेसूर म्हणत होते. तिसऱ्या कडव्यापर्यंत त्यांना सगळा येत होता. मग फीत संपली.

धाकटी रडत होती. पिठाच्या हातांनी डोळे पुसल्यामुळं तिचा चेहरा पांढरा झाला होता.

"रडूलालीस कशाला?" अव्वा म्हणाली. तिला आवाज कमी ऐकू आला असेल, पण काय लागलंय ते तिला कळलं होतं. "तुझी आत्या रुसली. तिसरीबी पोरगीच झाली म्हणून आलीच न्हाई. दोनदा सांगावा धाडला. मग तुझे अप्पा म्हणले, मीच सांगतो. बाप्या माणसानं पाळण्यात वाकून नाव ठेवलं म्हणून उदगीरवाली जल्मभर म्हणत ऱ्हायली, ते काय बारसं न्हवं, बिनबारशाची हाय पोर."

"अव्वा, तू मला कधीच सांगितलं न्हाई."

"तू इचारलंस कधी? तू तर नुसती हसायचीस. मला वाटलं, तुला ठावं हाय."

मी तेवढ्यात लॅपटॉप उघडून बसले होते. माझा हट्ट त्या दुपारी संपला होता. प्रत्येक बारशाला बाळाचं नाव द्यायचं ठरवलं, आणि सुरुवात धाकटीपासून, म्हणजे तिनं नुसतं आपलं नाव टाकलं तरी तिचं बारसं सगळ्यांच्या आधी पडद्यावर उभं राहील. मी 'बाळाचं बारसं' पुसणार, एवढ्यात धाकटीनं पिठाचा हात माझ्या हातावर ठेवला.

"राहू दे अक्का," ती म्हणाली. "मला आता शोधायचं न्हाई."